शरीराकडून काढून घेतलेले काम

दुबईच्या किनाऱ्यापासून आत, वाळवंटाच्या बाजूला, शेख मोहम्मद बिन झायेद रस्ता आणि दुबई-अल ऐन रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यात दुबई सिलिकॉन ओएसिस ही सुमारे ७.२ चौरस किलोमीटरची वसाहत आहे. २००४ मध्ये तंत्रज्ञान उद्योगांसाठीचे मुक्त क्षेत्र म्हणून तिची आखणी झाली आणि कार्यालये, सदनिका, बंगले, शाळा, विद्यापीठ, रुग्णालय व मॉल हे सारे एकाच आवारात उभे राहिले. येथे राहणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर असते आणि रात्रीही ते तीस अंशांच्या आसपासच राहते. तरीही या वसाहतीत कार्यालयीन काम करणाऱ्या माणसाचा बहुतेक दिवस बावीस ते चोवीस अंशांत जातो, कारण शयनगृह, लिफ्ट, मोटार, कार्यालय, मॉल आणि पुन्हा शयनगृह या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडी वातानुकूलित असते. पाण्याची बाटली संपली की जवळच्या ग्रोसरीला फोन करायचा आणि जेवण हवे असेल तर मोबाइलवर मागवायचे. उन्हाशी संबंध येतो तो मोटारीपासून दारापर्यंतच्या काही पावलांपुरता.

अशा जगण्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे समजण्यासाठी शरीरक्रियाशास्त्रातील एक मूलभूत कल्पना आधी ध्यानात घ्यावी लागते. बाहेरची परिस्थिती बदलत असतानाही शरीर आतील तापमान, क्षारांचे प्रमाण, रक्तातील साखर आणि पाणी ठरावीक मर्यादेत राखते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, आणि अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या क्षमतेला जे नाव दिले त्यास मराठीत समस्थिती म्हणतात. समस्थिती आपोआप टिकत नाही. घाम, तहान, थकवा, भूक, झोप यांसारख्या संकेतांवर आणि त्या संकेतांना प्रतिसाद देणाऱ्या अवयवांवर ती उभी असते. आधुनिक सोयी नेमक्या या ठिकाणी हस्तक्षेप करतात, कारण जे नियमन शरीराने आत करायचे ते त्या बाहेर, यंत्राकडून करून घेतात. काम थांबले की ते करणारी यंत्रणा हळूहळू मंदावते. सोयीचा लाभ लगेच जाणवतो आणि ही किंमत उशिरा लक्षात येते, म्हणून या हिशेबाकडे सहसा दुर्लक्ष होते.

घाम आणि उष्णतेची सवय

मानवी शरीर विश्रांतीतही सुमारे शंभर वॉट उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर टाकली नाही तर आतील तापमान वाढत जाते. हवा त्वचेपेक्षा थंड असते तेव्हा ही उष्णता उत्सर्जनाने आणि हवेच्या स्पर्शाने निघून जाते. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण पस्तीस अंशांहून, वर गेले की हा प्रवाह उलटतो आणि घामाचे बाष्पीभवन एवढा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मेंदूतील अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस हा भाग रक्ताचे तापमान सतत तपासतो आणि गरज पडताच त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंद करण्याचा व वीस ते चाळीस लाख घामग्रंथींना कामाला लावण्याचा आदेश देतो.

या यंत्रणेचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ती सरावाने सुधारते. रोज तास-दीड तास उष्णतेत हालचाल केली तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, त्याच कामासाठी हृदयाचे ठोके कमी लागतात, घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो आणि त्यातून जाणारे मीठ घटते. या बदलाला उष्णतेशी जुळवून घेणे किंवा अनुकूलन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील खोल सोन्याच्या खाणींमध्ये नव्या कामगारांना उष्माघात होत असे, तेव्हा १९३० च्या दशकात तेथे मजुरांना टप्प्याटप्प्याने उष्णतेची सवय लावण्याची पद्धत सुरू झाली आणि अनुकूलनाचा शास्त्रीय अभ्यास तेथून पुढे वाढला. हा सराव थांबला की तीन-चार आठवड्यांत बहुतेक लाभ ओसरतो.

नागपूर, चंद्रपूर किंवा जळगाव येथून आखाती देशांत गेलेल्या माणसाला वाटते की उन्हाची सवय त्याच्या रक्तातच आहे. प्रत्यक्षात त्याच्या गावी फाल्गुनापासून वैशाखापर्यंत तापमान हळूहळू चढत जाते आणि शरीर दरवर्षी नव्याने तयार होते. ती तयारी जन्मभराची ठेव नसते. सिलिकॉन ओएसिसमधील कार्यालयीन जीवनात ही चढती पायरीच नाहीशी होते. बाहेरचे तापमान मार्चमध्ये तीस आणि जुलैमध्ये चव्वेचाळीस असले तरी आतील तापमान तेच राहते, त्यामुळे जुलैच्या दुपारी मोटार बंद पडली किंवा इमारतीची वीज गेली तर त्या माणसाचे शरीर नुकत्याच आलेल्या परदेशी पाहुण्याइतकेच अननुभवी असते.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे. घामाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेले जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ यास कुनो यांनी असे निरीक्षण मांडले की उष्ण प्रदेशात जन्मून वाढलेल्या व्यक्तींमध्ये कार्यरत घामग्रंथींची संख्या थंड प्रदेशात वाढलेल्यांपेक्षा अधिक असते, आणि आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतच ही संख्या ठरून जाते. सर्व ग्रंथी जन्मतःच असतात, पण त्यांपैकी किती प्रत्यक्ष घाम गाळू लागतील हे त्या वर्षांतील उष्णतेच्या अनुभवावर अवलंबून असते. कुनो यांचे म्हणणे ग्राह्य धरले, तर दुबईत जन्मून पहिली वर्षे पूर्णपणे वातानुकूलित खोलीत काढणारे बालक वाळवंटात राहूनही घामग्रंथींच्या दृष्टीने शीत प्रदेशातील बालकासारखे वाढते.

यंत्राचे खरे ऋण

येथवरच्या विवेचनातून वातानुकूलन टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. घाम वाळण्यासाठी हवेत जागा लागते, आणि हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो व थंडावा देत नाही. उष्णता आणि दमटपणा यांचा एकत्रित भार मोजण्यासाठी तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळून घेतलेले माप वापरतात, त्याला आर्द्र तापमान म्हणता येईल. हे माप पस्तीस अंशांवर गेले तर निरोगी माणूसही सावलीत, विश्रांतीत काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे २०१० मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्युबर यांनी दाखवले. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील प्रत्यक्ष चाचण्यांमध्ये दमट हवेत तरुण व निरोगी व्यक्तींची मर्यादा त्याहूनही खाली, तीस-एकतीस अंशांच्या आसपास आढळली. २०१६ मध्ये जेरेमी पाल आणि एलफातिह एलताहिर यांनी इशारा दिला की हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच चालू राहिले तर या शतकाच्या अखेरीस आखाताच्या किनाऱ्यावरील शहरे अधूनमधून पस्तीस अंशांची ही मर्यादा ओलांडतील. ज्या हवेत शरीराची स्वतःची यंत्रणा कितीही सराव असला तरी अपुरी पडते, तेथे यंत्राने दिलेला थंडावा प्राण वाचवतो.

हे सत्य सर्वांत जवळून बांधकाम मजुरांना ठाऊक असते. संयुक्त अरब अमिरातीत २००५ पासून दरवर्षी उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावरील कामाला बंदी असते; आता ती १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन अशी असते. ज्या वसाहतीत कार्यालयातील अभियंत्याला उष्णता जवळजवळ मिळतच नाही, तिच्याच इमारती बांधणाऱ्या, बागा राखणाऱ्या आणि दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या माणसांना ती शरीराला पेलवेल त्याहून अधिक मिळते. दोघांच्या शरीराचे नियम एकच आहेत. एकाला मात्रा शून्याजवळ मिळते आणि दुसऱ्याला घातक मर्यादेजवळ. एकाची सोय अनेकदा दुसऱ्याच्या उन्हातील खेपेवर उभी असते, ही बाब आरोग्याच्या चर्चेत विसरता कामा नये.

चोवीस अंशांची कल्पना कोठून आली

अमेरिकी अभियंता विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा नियंत्रित करणारी यंत्रणा आखली, कारण हवामानाबरोबर कागद फुगे-आकसे आणि रंगीत छपाई बिघडे. कागदासाठी जन्मलेले हे तंत्र पुढे माणसांच्या खोल्यांत आले, तेव्हा माणसाला नेमके किती तापमान सुखावह वाटते हा प्रश्न निर्माण झाला. डेन्मार्कचे पोव्हेल ओले फँगर यांनी १९७० मध्ये प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून सुखावह तापमानाचे समीकरण मांडले आणि जगभरच्या काचेच्या इमारती त्यावर आखल्या गेल्या. १९९८ मध्ये रिचर्ड डी डियर आणि गेल ब्रेगर यांनी निरनिराळ्या देशांतील १६० इमारतींमधून गोळा झालेल्या सुमारे २१ हजार नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. ज्या इमारतींत खिडक्या उघडता येतात तेथील माणसांना बाहेरच्या ऋतूप्रमाणे अधिक उष्ण तापमानही सुखावह वाटते. बंद वातानुकूलित इमारतींतील माणसे मात्र थोड्याशा फरकानेही अस्वस्थ होतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये भारतीय कार्यालयांसाठी याच धर्तीवर निकष मांडले, आणि २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीचे मूळ तापमान चोवीस अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले.

या अभ्यासाचा अर्थ असा की सुखावह तापमान ही शरीराची स्थिर मागणी नसून सवयीने घडणारी अपेक्षा आहे, आणि वीस अंशांची सवय लागलेल्या माणसाला सव्वीस अंश खरोखरच असह्य वाटू लागतात. दुबईत ज्या सदनिकांना ‘चिलर फ्री’ म्हणतात, म्हणजे जेथे थंड हवेचा आकार भाड्यातच धरलेला असतो, तेथे तापमान कमी ठेवल्याने बिल वाढत नाही, त्यामुळे ही सवय आणखी खाली घसरण्यास वाव मिळतो.

याच भूमीत यंत्राविना जगण्याची एक समृद्ध रीत होती. दुबईच्या खाडीकाठच्या अल फहिदी भागात आजही दिसणारे बर्जील, म्हणजे घरावरचे चौकोनी वारा-मनोरे, वरचा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवत. खजुराच्या फांद्यांच्या अरीश घरांतून हवा खेळती राही. रात्री माणसे गच्चीवर झोपत. आणि कडक उन्हाळ्यात किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे अल ऐन किंवा लिवा यांसारख्या खजुरांच्या हिरव्या प्रदेशांत मुक्काम हलवत. मराठवाडा आणि विदर्भातील माळवदाची घरे, वाड्यांचे चौक, वाळ्याचे पडदे आणि माठातील पाणी हे याच शहाणपणाचे मराठी रूप होते. या सर्व उपायांनी उष्णता सोसण्याजोगी केली, पण पूर्णपणे हद्दपार केली नाही, म्हणून शरीराचे काम चालू राहिले.

उन्हाच्या देशातील उजेडाची टंचाई

उष्णता टाळण्यासाठी माणूस आत आला, की तिच्याबरोबर तो उजेडालाही मुकतो. उघड्यावरील दुपारचा प्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो आणि सावलीतही काही हजार लक्स असतो. कार्यालयात मात्र तो साधारण तीनशे ते पाचशे लक्स असतो. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीखेरीज केवळ उजेडाची तीव्रता मोजणाऱ्या पेशी असल्याचे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. या पेशी मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात आणि त्यावर झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ ठरते. माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते, म्हणून त्याला रोज सकाळच्या प्रखर उजेडाने जुळवून घ्यावे लागते. दिवसा मंद आणि रात्री मॉल व मोबाइलमुळे प्रखर अशा उलट्या क्रमात राहणाऱ्याचे घड्याळ मागे सरकते. झोप उशिरा लागते आणि सकाळी जाग आली तरी ताजेपणा येत नाही. थंड खोलीमुळे झोप लागायला मदत होते हे खरे, कारण झोपेच्या आरंभी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते. पण उजेडाने बिघडवलेली वेळ थंडावा दुरुस्त करू शकत नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट याहून विलक्षण आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील ब किरण त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश पदार्थावर पडले की ड जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड तिचे कार्यक्षम संप्रेरकात रूपांतर करतात, आणि आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्याचे काम त्याच्यामुळे चालते. काचेतून उजेड आत येतो, पण हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवले जातात, म्हणून खिडकीशी बसून ऊन खाण्याचा या बाबतीत उपयोग होत नाही. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही किरण शोषून घेते, त्यामुळे भारतीय माणसाला गोऱ्या माणसापेक्षा अधिक वेळ उन्हाची गरज असते. अल ऐन येथील संयुक्त अरब अमिराती विद्यापीठाच्या संशोधकांना १९९० च्या दशकापासून अरब स्त्रिया आणि त्यांच्या तान्ह्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळत आली आहे. वर्षभर ऊन असलेल्या देशात हाडे दुखणे, स्नायू अशक्त होणे आणि मुलांमध्ये मुडदूस यांची शक्यता निर्माण व्हावी, यावरून केवळ भूगोल आरोग्य देत नाही हे स्पष्ट होते.

मुलांच्या डोळ्यांचाही येथे विचार करावा लागतो. प्रखर प्रकाशात दृष्टिपटलावर डोपामिन स्रवते आणि ते नेत्रगोलाची अवास्तव लांबी वाढू देत नाही असे मानले जाते. ही लांबी वाढली की जवळचे दिसते पण दूरचे धूसर होते. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर ठेवून तीन वर्षे पाहिले, तेव्हा त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष झाला, तर नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लागलेले औषध केवळ उघडे आकाश होते.

चालण्याचा लोप

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा झटका कमी येतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले आणि बैठ्या जीवनाच्या धोक्याचा आधुनिक अभ्यास तेथून सुरू झाला. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातील साखर आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणेही साखरेचा चढ कमी करते. ज्या दिवसात बेसमेंटमधील मोटार, लिफ्ट आणि दारात येणारे जेवण यांमुळे पावलेच पडत नाहीत, त्या दिवसात साखर उचलण्याचा सारा भार एकट्या इन्सुलिनवर येतो.

मराठी माणसासाठी हा भार अधिक जोखमीचा आहे आणि त्याचा पुरावा पुण्यातच मिळाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यातून असे दिसले की भारतीय बाळ वजनाला हलके जन्मले तरी त्याच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीराची तुलना मांडली: उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या अशा शरीरात साखर साठवणारा स्नायू मुळातच कमी असतो. तोही निष्क्रिय राहिला तर मधुमेह तुलनेने लवकर गाठतो. गावी शेताची, बाजाराची किंवा रेल्वे स्थानकाची वाट तुडवणारा माणूस सिलिकॉन ओएसिसमध्ये सुखावला, तरी त्याच्या स्नायूंची गरज बदललेली नसते.

वेग उठूच न देणे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप अशा तेरा नैसर्गिक वेगांची यादी आहे आणि ते अडवल्याने कोणते विकार होतात याचे वर्णन आहे. लोभ, क्रोध, शोक यांसारखे मनाचे वेग मात्र आवरावेत, असेही तेथे सांगितले आहे. आधुनिक जीवनात बैठक संपेपर्यंत लघवी रोखणे किंवा रात्री झोप परतवून लावणे हे जुन्याच प्रकारचे वेगधारण आहे. सुखसोयींनी त्यात एक नवा प्रकार जोडला: त्या वेग अडवत नाहीत, तो उठण्याचे कारणच काढून टाकतात. थंड खोलीत घाम दिसत नाही म्हणून पाण्याची आठवण होत नाही, आणि मूत्र दाट होऊन मुतखड्यास वाव मिळतो. आखातापासून भारतापर्यंतचा पट्टा मुतखड्यासाठी आधीच ओळखला जातो. चालून थकवा येत नाही म्हणून झोप गाढ लागत नाही. हाताशी सतत खाणे असल्याने खरी भूक लागण्यापूर्वीच पोट भरले जाते. संकेत वारंवार अनावश्यक ठरला की माणूस त्याला ओळखेनासा होतो, आणि शरीराशी असलेला त्याचा संवाद तुटतो.

मात्रेचा विचार

सोयींचा त्याग हे यावर उत्तर नाही. शरीराला त्याचे काम सोसवेल इतक्या मात्रेत परत देणे हे उत्तर आहे. दुबईच्या बाबतीत निसर्गाने यासाठी मोठी संधी दिलेली आहे, कारण साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तेथील हवा उघड्यावर राहण्यास उत्तम असते. २०१७ पासून दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर होणारा, तीस दिवस रोज तीस मिनिटे व्यायामाचा ‘दुबई फिटनेस चॅलेंज’ हा उपक्रम याच ऋतूचा लाभ घेतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सकाळी मॉल चालण्यासाठी खुले करण्याचा उपक्रम झाला. त्याने स्नायूंची गरज भागते, पण उजेड आणि उष्णतेची उरते, हे लक्षात ठेवून इतर वेळ आखावा लागतो.

व्यवहारात याचे स्वरूप साधे आहे. थंडीच्या महिन्यांत खिडक्या उघडाव्यात आणि मुलांची शाळेबाहेरची वेळ मैदानावर जावी. मार्चपासून उष्णता वाढत असताना सकाळ-संध्याकाळचे चालणे बंद न करता ते चालू ठेवावे, म्हणजे शरीर ऋतूबरोबर चढते. भर उन्हाळ्यात पहाटेचा वेळ वापरावा आणि दुपार कटाक्षाने टाळावी. घरातील तापमान वीसवर न ठेवता चोवीस-पंचवीसच्या पुढे न्यावे व पंख्याची जोड द्यावी. तहान लागेल तेव्हाच पाणी प्यायचे हा नियम थंड खोलीत पुरत नाही, म्हणून मूत्राचा रंग फिका राहील एवढे पाणी प्यावे. ड जीवनसत्त्वाची शंका आल्यास रक्ताची तपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने उपचार घ्यावेत. वृद्ध, गर्भवती, हृदयरोगी, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणारे यांनी उष्णतेचा सराव स्वतःहून सुरू करू नये, कारण त्यांच्या शरीराची राखीव क्षमता कमी असते.

एकट्या माणसाच्या शिस्तीवर सारा भार टाकणेही योग्य नाही, कारण शहराची रचनाच पावलांना बोलावते किंवा परतवते. सिलिकॉन ओएसिसमधून जाणारा दुबई मेट्रोचा तीस किलोमीटरचा ब्लू लाइन मार्ग सप्टेंबर २०२९ मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे, आणि २०४० पर्यंत पादचाऱ्यांसाठी विस्तृत मार्गांचे जाळे उभारण्याची ‘दुबई वॉक’ योजना २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली. स्थानकापर्यंतची वाट सावलीची असेल, जिने लिफ्टइतकेच दर्शनी असतील, शाळेचे मैदान छपराखाली पण मोकळ्या हवेत असेल आणि उन्हात काम करणाऱ्याच्या विश्रांतीची जागा कार्यालयातील माणसाच्या खोलीइतकीच निश्चित असेल, तर दोघांच्याही शरीराला योग्य मात्रा मिळेल. कोणतीही नवी सोय स्वीकारताना घराने, शाळेने आणि नगररचनाकाराने हे तपासावे, की तिच्यामुळे शरीराचे कोणते काम बंद पडणार आहे आणि ते काम दिवसाच्या कोणत्या वेळी व कोणत्या जागी त्याला परत मिळणार आहे. ही जागा आणि ही वेळ ठरवूनच सोय स्वीकारली, तर यंत्र आणि शरीर एकमेकांचे साहाय्यक म्हणून राहू शकतात.